फ्रान्सिस फोर्ड कपोला: 'गॉडफादर' बनवणारा दिग्दर्शक पुन्हा पुन्हा कर्जात का बुडाला?

सप्टेंबर २०२४ मध्ये अमेरिकेत 'मेगालोपोलिस' नावाचा सिनेमा प्रदर्शित झाला. खर्च साधारण १२ कोटी डॉलर. जगभरातली कमाई दीड कोटी डॉलरच्याही आत.

हॉलिवूडमध्ये बिग बजेट सिनेमे आपटतात, त्यात नवल नाही. पण इथे बुडालेले पैसे कुठल्या स्टुडिओचे नव्हते. ८५ वर्षांच्या दिग्दर्शकाने ते आपल्या वाईनच्या धंद्याच्या जोरावर स्वतः उभे केले होते.

हा दिग्दर्शक म्हणजे फ्रान्सिस फोर्ड कपोला. 'द गॉडफादर' आणि 'अपोकॅलिप्स नाऊ'वाले कपोला. नावावर पाच ऑस्कर आणि कान महोत्सवाचा सर्वोच्च पुरस्कार दोनदा. एवढं नाव कमावलेल्या माणसाला म्हातारपणी स्वतःची पुंजी का लावावी लागली? आणि हे त्यांच्या बाबतीत पहिल्यांदाच घडलं का?

तर नाही. कपोलांची जवळपास साठ वर्षांची कारकीर्द एका प्रश्नाभोवती फिरते: सिनेमाला पैसे कोणाचे आणि शेवटचा शब्द कोणाचा? ही कारकीर्द पहिल्यापासून समजून घेऊया.

नावात 'फोर्ड' कुठून आलं?

कपोलांचा जन्म ७ एप्रिल १९३९ चा, डेट्रॉईट शहरातला. घराणं इटालियन वंशाचं. वडील कार्माइन कपोला बासरीवादक आणि संगीतकार. फोर्ड कंपनीच्या पैशांवर चालणाऱ्या रेडिओवरच्या संगीत कार्यक्रमात ते काम करायचे. मुलगा जन्मलाही हेन्री फोर्ड यांच्या नावाच्या हॉस्पिटलमध्ये. म्हणून मधलं नाव फोर्ड.

पुढे कुटुंब न्यूयॉर्कला आलं. लहानपणी कपोलांना पोलिओ झाला आणि बराच काळ अंथरुणात काढावा लागला. त्या दिवसांत ते बाहुल्यांचे खेळ करायचे, यंत्रांशी खेळायचे. नंतर हॉफस्ट्रा विद्यापीठात नाटकाचं शिक्षण आणि तिथून लॉस एंजेलिसच्या यूसीएलए या विद्यापीठात सिनेमाचं शिक्षण.

तेव्हा फिल्म स्कूलमधून थेट हॉलिवूडमध्ये जायची वाट मळलेली नव्हती. स्टुडिओत लोक खालून वर चढत यायचे. फिल्म स्कूलमधून येऊन मुख्य प्रवाहात नाव कमावणाऱ्या पिढीत कपोला अगदी पुढे होते. त्यांच्या मागून जॉर्ज लुकास, मार्टिन स्कॉर्सेसी आले.

स्वस्तातले सिनेमे आणि पहिलं ऑस्कर

पहिली नोकरी मिळाली ती रॉजर कॉर्मन या निर्मात्याकडे. कॉर्मन म्हणजे कमी पैशांत, कमी दिवसांत सिनेमे उरकण्यासाठी प्रसिद्ध माणूस. त्यांच्या एका सिनेमाच्या कामासाठी कपोला युरोपात गेले होते. काम संपत आलं तेव्हा थोडे पैसे शिल्लक होते. कपोलांनी एका भयपटाची कल्पना सांगून कॉर्मनना पटवलं, वरचे पैसे स्वतः जमवले आणि साधारण ४० हजार डॉलरमध्ये आयर्लंडमध्ये 'डिमेन्शिया १३' (१९६३) बनवला. या शूटिंगवरच त्यांची एलिनॉर नील यांच्याशी ओळख झाली. त्याच वर्षी दोघांनी लग्न केलं.

त्यानंतर काही वर्षं पोट भरलं ते पटकथा लिहून. दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकन सेनापतीवरच्या 'पॅटन'ची पटकथाही त्यातलीच. तिची सुरुवात त्यांनी वेगळीच लिहिली होती: भल्यामोठ्या अमेरिकन झेंड्यासमोर उभं राहून पॅटन थेट प्रेक्षकांशी बोलतो. तेव्हा ही सुरुवात कोणाला रुचली नाही आणि कपोलांना कामावरून दूर केलं गेलं. काही वर्षांनी तीच पटकथा पुन्हा बाहेर काढली गेली. १९७० साली सिनेमा आला आणि तोच प्रसंग सगळ्यांच्या लक्षात राहिला. एडमंड नॉर्थ यांच्यासोबत कपोलांना पटकथेचं ऑस्कर मिळालं.

झोट्रोप: स्टुडिओपासून लांब, स्वतःचं घर

१९६८ मध्ये कपोलांनी वॉर्नर ब्रदर्ससाठी 'फिनियन्स रेनबो' हा संगीतिका प्रकारातला सिनेमा केला. सेटवर एक बुजरा विद्यार्थी काम बघायला यायचा. तो जॉर्ज लुकास. दोघांची मैत्री जमली.

पुढच्याच वर्षी या दोघांनी मिळून सॅन फ्रान्सिस्कोमध्ये 'अमेरिकन झोट्रोप' ही कंपनी काढली. झोट्रोप म्हणजे गोल फिरणारं जुनं खेळणं, ज्यात चित्रं हलल्यासारखी दिसतात. कल्पना अशी होती की लॉस एंजेलिसच्या साहेबांपासून लांब राहून तरुण मंडळींनी आपल्याला हवे तसे सिनेमे बनवायचे.

पैसे मात्र वॉर्नर ब्रदर्सचेच होते आणि तिथेच माशी शिंकली. झोट्रोपचा पहिला सिनेमा, लुकास यांचा 'टीएचएक्स ११३८', स्टुडिओला आवडला नाही. वॉर्नरने बाकीच्या पटकथा नाकारल्या आणि दिलेले पैसे परत मागितले. नाकारलेल्या पटकथांमध्ये 'द कॉन्व्हर्सेशन' आणि 'अपोकॅलिप्स नाऊ' होते. पुढे कानचे दोन्ही सर्वोच्च पुरस्कार कपोलांना याच दोन सिनेमांसाठी मिळाले.

पण ती पुढची गोष्ट. १९७० साली कपोला तिशी ओलांडलेले, कर्जात असलेले, घरी लहान मुलं असलेले दिग्दर्शक होते.

'गॉडफादर': कर्ज फेडायला घेतलेलं काम

मारिओ पुझो यांची 'द गॉडफादर' ही कादंबरी १९६९ मध्ये आली आणि धडाक्यात खपली. हक्क पॅरामाउंटकडे होते. त्यांनी कपोलांना विचारलं, तर त्यांनी आधी नकार दिला. त्यांना ती कादंबरी स्वस्त आणि सनसनाटी वाटली होती. लुकास आणि इतरांनी समजावलं की कंपनीवर कर्ज आहे, काम घ्यायलाच हवं.

पुन्हा वाचताना त्यांना कादंबरीत एक जुनी गोष्ट दिसली: एक राजा आणि त्याचे तीन मुलगे. त्यांनी कादंबरीची पानं सुटी करून एका मोठ्या वहीत चिकटवली आणि समासात प्रत्येक प्रसंगाबद्दल टिपणं काढली. प्रसंगाचा गाभा काय, काळ कसा दिसला पाहिजे, कुठे घसरायची भीती आहे. सेटवर पटकथेपेक्षा ही वहीच जास्त कामाला आली. २०१६ मध्ये ती पुस्तकरूपात छापलीही गेली.

स्टुडिओशी भांडण मात्र रोजचं होतं. पॅरामाउंटला गोष्ट चालू काळात, कमी खर्चात हवी होती. कपोलांना १९४० चं दशक आणि न्यूयॉर्कच हवं होतं. स्टुडिओला मार्लन ब्रँडो नको होते, कारण ते त्रासदायक समजले जायचे. अल पचिनो तर अजिबातच नको होते. छायाचित्रकार गॉर्डन विलिस यांची अंधारी फ्रेम बघूनही लोक धास्तावले. आपल्याला कधीही काढून टाकतील, या भीतीत कपोला शूटिंग करत होते. 'पॅटन'चं ऑस्कर त्याच काळात, एप्रिल १९७१ मध्ये मिळालं आणि त्याने त्यांची खुर्ची थोडी बळकट झाली.

मार्च १९७२ मध्ये सिनेमा आला. साधारण ६० ते ७० लाख डॉलरमध्ये बनलेल्या या सिनेमाने तोवरचे कमाईचे विक्रम मोडले. सर्वोत्कृष्ट चित्रपट, अभिनेता आणि पटकथा अशी तीन ऑस्कर मिळाली. दिग्दर्शनाचं मात्र 'कॅबरे'साठी बॉब फॉसी यांना गेलं.

इथे पटकथाकार कपोलांची एक सवय लक्षात घ्यायला हवी. पडद्यावर सिनेमाचं नाव येतं ते 'मारिओ पुझोज् द गॉडफादर' असं. मूळ लेखकाचं नाव शीर्षकात असावं, हा त्यांचा आग्रह. पुढे 'ब्रॅम स्टोकर्स ड्रॅक्युला' आणि 'जॉन ग्रिशम्स द रेनमेकर' यांच्यातही तेच दिसतं. बागेत बसून डॉन आणि मायकल बोलतात, तो प्रसंग रॉबर्ट टाऊन यांनी लिहून दिला होता. श्रेयनामावलीत त्यांचं नाव नव्हतं, म्हणून कपोलांनी ऑस्करच्या मंचावरून त्यांचे आभार मानले.

१९७४: एका वर्षात दोन सिनेमे

'गॉडफादर'नंतर कपोलांनी अडगळीत पडलेला 'द कॉन्व्हर्सेशन' बाहेर काढला. लोकांची संभाषणं चोरून रेकॉर्ड करणाऱ्या माणसाची ही गोष्ट. जीन हॅकमन मुख्य भूमिकेत. पटकथा साठच्या दशकातली, पण सिनेमा आला तेव्हा वॉटरगेट प्रकरण तापलेलं होतं आणि काही महिन्यांतच राष्ट्राध्यक्ष निक्सन यांना राजीनामा द्यावा लागला. सिनेमाला कानचा सर्वोच्च पुरस्कार मिळाला.

त्याच वर्षाच्या शेवटी 'द गॉडफादर: पार्ट टू' आला. खरं तर दुसरा भाग कपोलांना दिग्दर्शित करायचाच नव्हता. त्यांनी स्कॉर्सेसी यांचं नाव सुचवलं होतं, ते स्टुडिओने नाकारलं. शेवटी ते तयार झाले, पण या वेळी अटी त्यांच्या होत्या. बापाची तरुणपणीची गोष्ट आणि मुलाचा ऱ्हास शेजारी शेजारी सांगायचा धाडसी बेत त्यांनी तडीस नेला. सहा ऑस्कर मिळाली. सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर मिळवणारा हा पहिला सीक्वेल. चित्रपट, दिग्दर्शन आणि पटकथा ही तीन कपोलांची. संगीताच्या ऑस्करमध्ये नीनो रोटा यांच्यासोबत वाटेकरी होते कार्माइन कपोला, म्हणजे त्यांचे वडील.

'अपोकॅलिप्स नाऊ': घर गहाण ठेवून केलेलं युद्ध

आता कपोलांकडे नाव होतं, पैसा होता. त्यांनी ठरवलं की पुढचा सिनेमा आपल्या मालकीचा असेल. जोसेफ कॉनरॅड यांची 'हार्ट ऑफ डार्कनेस' ही आफ्रिकेत घडणारी कथा जॉन मिलियस यांनी पटकथेत व्हिएतनाम युद्धात नेली होती. मार्च १९७६ मध्ये फिलिपाईन्समध्ये शूटिंग सुरू झालं.

मग एकामागून एक संकटं:

- मुख्य अभिनेता हार्वी कायटेल यांना सुरुवातीलाच बदलून मार्टिन शीन यांना घेतलं गेलं.
- मे १९७६ मध्ये वादळाने सेट उद्ध्वस्त केले.
- हेलिकॉप्टर फिलिपाईन्सच्या लष्कराची होती. बंडखोरांशी लढायला ती मधूनच परत बोलावली जायची.
- मार्च १९७७ मध्ये शीन यांना हृदयविकाराचा झटका आला.
- ब्रँडो आले ते प्रचंड वजन वाढवून आणि तयारी न करता. त्यांना अंधारात ठेवूनच दृश्यं घ्यावी लागली.

काही महिन्यांचं शूटिंग एक वर्षाहून जास्त चाललं. साधारण १.२ कोटी डॉलरचं बजेट ३ कोटींच्या पुढे गेलं. वरच्या खर्चाच्या कर्जाला कपोला स्वतः जबाबदार होते. घर आणि नापा व्हॅलीतली मालमत्ता त्यांनी तारण ठेवली होती. सिनेमा पडला असता तर सगळंच गेलं असतं. हा सगळा काळ एलिनॉर यांनी कॅमेऱ्यात आणि डायरीत टिपला. त्यांनी टिपलेल्या चित्रणातून १९९१ मध्ये 'हार्ट्स ऑफ डार्कनेस' हा माहितीपट तयार झाला.

१९७९ मध्ये अर्धवट अवस्थेतला सिनेमा कानला दाखवला गेला आणि 'द टिन ड्रम'सोबत त्याला पाम दोर विभागून मिळाला. नंतर तो चित्रपटगृहांतही चालला. वॉल्टर मर्च यांच्या ध्वनीला आणि व्हित्तोरिओ स्तोरारो यांच्या छायाचित्रणाला ऑस्कर मिळालं. कपोला वाचले. वर सिनेमाचे हक्कही त्यांच्याकडे राहिले.

'वन फ्रॉम द हार्ट': यावेळी डाव उलटला

एवढं झाल्यावर कोणी शांत बसलं असतं. कपोलांनी १९८० मध्ये हॉलिवूडमध्ये ६७ लाख डॉलरना आख्खा स्टुडिओच विकत घेतला.

त्यांच्या डोक्यात भविष्यातला सिनेमा होता. शूटिंग करतानाच व्हिडिओवर दृश्य बघायचं, लगेच जोडून पाहायचं, सगळं इलेक्ट्रॉनिक पद्धतीने आखायचं. आज कुठल्याही सेटवर मॉनिटर असतो, त्यामुळे ही गोष्ट साधी वाटते. तेव्हा ती महागडी हौस समजली गेली.

या पद्धतीने 'वन फ्रॉम द हार्ट' बनला. गोष्ट लहानशी, एका जोडप्याच्या भांडणाची. पण त्यासाठी लास वेगासचे रस्ते स्टुडिओच्या आत उभारले. खर्च साधारण २.६ कोटी डॉलर. फेब्रुवारी १९८२ मध्ये सिनेमा आला आणि अमेरिकेत १० लाख डॉलरसुद्धा कमावू शकला नाही. स्टुडिओ विकावा लागला, पुढे दिवाळखोरीचे अर्ज करावे लागले. चाळिशीतल्या दिग्दर्शकाची पुढची कित्येक वर्षं कर्ज फेडण्यात गेली.

फेडाफेडीची वर्षं

ऐंशीच्या दशकात कपोला जवळपास दरवर्षी सिनेमा करत होते. त्यातले अनेक दुसऱ्यांनी सुचवलेले. 'द आउटसायडर्स' (१९८३) तर कॅलिफोर्नियातल्या एका शाळेच्या विद्यार्थ्यांनी आणि ग्रंथपालांनी पत्र पाठवून सुचवला होता. त्यात टॉम क्रूझ, पॅट्रिक स्वेझी, मॅट डिलन, डायन लेन अशी पोरं होती, जी पुढे स्टार झाली. 'पेगी सू गॉट मॅरीड' (१९८६) चालला.

त्याच वर्षी मे महिन्यात त्यांचा मोठा मुलगा जियान-कार्लो बोटीच्या अपघातात गेला. तेव्हा कपोला 'गार्डन्स ऑफ स्टोन'चं काम करत होते. तो सिनेमा तरुण सैनिकांच्या दफनविधींबद्दल होता. त्यांनी तो पूर्ण केला.

'टकर' (१९८८) मात्र त्यांच्या स्वतःच्या मनातला होता. मोठ्या कार कंपन्यांशी टक्कर घेऊन बुडालेल्या कारनिर्मात्याची ही खरी गोष्ट. ती कपोलांना का भिडली असेल, हे सांगायला नको.

१९९० मध्ये 'गॉडफादर'चा तिसरा भाग आला. सात नामांकनं, एकही ऑस्कर नाही आणि मुलगी सोफियाच्या अभिनयावर कडक टीका. हीच सोफिया पुढे दिग्दर्शक झाली आणि 'लॉस्ट इन ट्रान्सलेशन'च्या पटकथेसाठी तिने ऑस्कर मिळवलं. आजोबा, वडील आणि नात, तिन्ही पिढ्यांत ऑस्कर.

खरा श्वास मिळाला तो १९९२ च्या 'ड्रॅक्युला'मुळे. त्यातले चमत्कार कॉम्प्युटरने न करता जुन्या काळच्या कॅमेऱ्यातल्या युक्त्यांनी केले होते. सिनेमाने जगभरात २० कोटी डॉलरच्या वर कमावले आणि तीन ऑस्करही मिळवली.

वाईनच्या पैशांवर सिनेमा

१९७५ मध्ये 'गॉडफादर'च्या कमाईतून कपोलांनी नापा व्हॅलीतल्या इंगलनूक या जुन्या द्राक्षमळ्याचा काही भाग घेतला होता. १९९५ मध्ये 'ड्रॅक्युला'च्या कमाईतून उरलेला भाग घेतला. हळूहळू वाईनचा मोठा व्यवसाय उभा राहिला. सिनेमाने मळा दिला, आता मळा सिनेमाला पैसे देणार होता.

'द रेनमेकर' (१९९७) नंतर दहा वर्षं त्यांनी एकही सिनेमा दिग्दर्शित केला नाही. मग 'यूथ विदाउट यूथ' (२००७), 'टेट्रो' (२००९), 'ट्विक्स्ट' (२०११) असे छोटे सिनेमे आपल्याच पैशांत केले. प्रेक्षक फारसे आले नाहीत, पण मागे सावकार नव्हता.

मनातला सगळ्यात मोठा सिनेमा राहिलाच होता. 'मेगालोपोलिस'चा विचार सत्तरच्या दशकाच्या अखेरपासून चालू होता: आजच्या न्यूयॉर्कसारख्या शहरात घडणारी प्राचीन रोमची गोष्ट. २००१ मध्ये काही चित्रणही झालं होतं, पण ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर ते थांबलं. २०२१ मध्ये कपोलांनी सोनोमा इथला वाईन व्यवसाय दुसऱ्या कंपनीला दिला आणि पुढच्या वर्षी ॲडम ड्रायव्हरला घेऊन शूटिंग सुरू केलं.

एप्रिल २०२४ मध्ये एलिनॉर गेल्या. पुढच्याच महिन्यात सिनेमा कानला दाखवला गेला. मते टोकाची पडली. ऑगस्टमध्ये एका ट्रेलरमध्ये जुन्या समीक्षकांच्या नावावर खोटी वाक्यं छापल्याचं उघड झालं आणि वितरकाला ट्रेलर मागे घ्यावा लागला. चित्रपटगृहांत काय झालं, ते वर आलंच आहे.

मग हिशोब काय निघतो?

सोपा निष्कर्ष दोन्ही बाजूंनी काढता येतो. एक म्हणजे कपोलांना लगाम लागला की ते चांगलं काम करतात, उदाहरण 'गॉडफादर'. दुसरा म्हणजे मोकळं सोडलं की चमत्कार होतो, उदाहरण 'अपोकॅलिप्स नाऊ'. पण 'वन फ्रॉम द हार्ट' आणि 'मेगालोपोलिस'सुद्धा मोकळीक मिळाल्यावरचेच आहेत. आणि लगाम लावणाऱ्या स्टुडिओचं ऐकलं असतं तर 'गॉडफादर'मध्ये ब्रँडो आणि पचिनो दोघेही नसते.

मालकीचा एक फायदा मात्र स्पष्ट दिसतो. सिनेमा आपला असेल तर तो पुन्हा हातात घेता येतो. 'अपोकॅलिप्स नाऊ'ची वेगळी आवृत्ती २००१ मध्ये आली, आणखी एक २०१९ मध्ये. 'वन फ्रॉम द हार्ट'ही नव्याने संकलित होऊन आला. स्टुडिओचा सिनेमा असला तर थांबावं लागतं. 'गॉडफादर'च्या तिसऱ्या भागाला कपोला आणि पुझो यांना 'द डेथ ऑफ मायकल कॉर्लिओनी' हे नाव हवं होतं. ते मिळायला २०२० साल उजाडलं. तोवर पुझो हयात नव्हते.

आपल्याकडेही 'गॉडफादर'ची सावली मोठी आहे. फिरोज खान यांचा 'धर्मात्मा' (१९७५) त्याच्यावरून बेतलेला होता. रामगोपाल वर्मा यांनी 'सरकार' (२००५) मध्ये तोच साचा मुंबईतल्या नागरे कुटुंबात आणला.

कुठून सुरुवात करावी?

- कपोला पहिल्यांदाच बघत असाल तर: 'गॉडफादर'चे पहिले दोन भाग, याच क्रमाने.
- वेळ कमी असेल तर: 'द कॉन्व्हर्सेशन'. दोन तासांच्या आत संपतो. हेडफोन लावून बघा, कारण अख्खी गोष्ट आवाजात आहे.
- मोठ्या पडद्यावर संधी मिळाली तर: 'अपोकॅलिप्स नाऊ', आणि त्यानंतर 'हार्ट्स ऑफ डार्कनेस' हा माहितीपट.
- माणूस समजून घ्यायचा असेल तर: 'टकर'. त्यात कारखाना बुडतो, तरी टकरच्या डोक्यात पुढच्या यंत्राची कल्पना तयार असते.